तासभर लांबची 'चांगली' शाळा की चालत जायची 'बरी' शाळा?

द्विधा
मुलगी दहा वर्षांची. सध्याच्या शाळेत पुढचे वर्गच नाहीत, त्यामुळे शाळा बदलणं अटळ आहे. पर्याय दोन. पहिली शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर. वाईट नाही, पण 'बरी आहे' याच्यापुढे कुणी बोलत नाही. ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट. दुसरी बसने ५५ मिनिटं. तिथे प्रयोग मुलांच्या हातून करून घेतात, नाटक आहे, वादविवाद आहे, शिक्षक नावाजलेले. दोन्ही शाळा पावणेआठला भरतात. लांबच्या शाळेची बस ६.४० ला स्टॉपवर. पुढची सहा वर्षं तरी हेच चालेल.

नवरा म्हणतो, मोठी झाल्यावर विचारेल, का नाही पाठवलंत? मी म्हणते, विचारायला जागी असेल तर ना! दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत. फक्त "मुलीलाच विचारा" नको. तिला बस आवडते, त्यामुळे तिचं मत ठरलेलं आहे.

मागचा बाक
ताई, आधी हिशोब करा. जाताना ४५ मिनिटं जास्त, येताना ४५ जास्त. रोजचा दीड तास. वर्षाला २०० दिवस शाळा धरली तर ३०० तास. शाळेचा दिवस सहा तासांचा म्हटला तर वर्षाला शाळेचे ५० दिवस नुसते खिडकीतून बाहेर बघण्यात. सहा वर्षांचं तुम्हीच काढा, मला लिहवत नाही.

आणि हे तास येतात कुठून? झोपेतून आणि खेळातून. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ ला ८ ते १० तास. पावणेसहाला उठायचं तर पावणेनऊला गाढ झोपलेली हवी, तेही किमान नऊच तास धरून. तुमच्या घरी पावणेनऊला काय चाललेलं असतं?

भिंगरी
बाकराव, गणित बरोबर आहे, गृहीत चुकलंय. वाचलेला दीड तास सोन्याचा असतो हे कुणी सांगितलं? बहुतेक घरांत तो स्क्रीनसमोर जातो.

मी स्वतः सहा वर्षं रोज सव्वा तास जाऊन सव्वा तास येत होते. दमायचे, नाही कशाला म्हणू? पण तिथे विज्ञानाला एक बाई होत्या. चुकलेला प्रयोग त्या खोडू देत नसत; "का चुकला ते लिही" म्हणायच्या. आज पोटापाण्यासाठी जे काम करते त्याची सुरुवात त्या वाक्यात आहे. घराजवळच्या शाळेत माझी बहीण गेली. तिथे प्रयोग फळ्यावर व्हायचे, निष्कर्षासकट. सगळं मोजता येतं, पण एक चांगला शिक्षक किती मिनिटांचा धरायचा?

मागचा बाक
तुमच्या बाईंना नमस्कार. पण त्या तुम्हाला भेटल्या, या मुलीला भेटतील याची खात्री काय? "नावाजलेली शाळा" म्हणजे बऱ्याचदा हुशार, जागरूक घरांतली मुलं गोळा झालेली शाळा. निकाल त्या मुलांचा असतो आणि श्रेय शाळेला जातं.

शिकागोमध्ये हे तपासलंय. तिथल्या मागणी असलेल्या सरकारी हायस्कूलांत सोडतीने प्रवेश देत. सोडत लागलेली आणि न लागलेली मुलं अशी तुलना केली, म्हणजे घरांचा फरक गळून पडला. २००६ साली 'इकॉनोमेट्रिका' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. सोडत जिंकलेल्या मुलांचा अभ्यास एकूणात काही सरस निघाला नाही.

भिंगरी
अर्धाच निष्कर्ष सांगितलात! त्याच अभ्यासात असंही निघालं की जिंकलेल्या मुलांनी शिस्तभंगाचे आणि अटकेचे प्रकार कमी सांगितले. म्हणजे गुण तेवढेच, पण वळण वेगळं. आई म्हणून मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

मागचा बाक
हं. हे मान्य. मी तेवढ्यावरून उडी मारली.

खडूवाली
वीस वर्षं शिकवते आहे, जवळच्या शाळेतही आणि लांबून मुलं येणाऱ्या शाळेतही. पहिल्या तासाला बसची मुलं डोळे मिटलेल्या चेहऱ्यावरून ओळखू येतात. दहाव्या वर्षी हे निभतं. तेरा-चौदाला खरी गोची होते, कारण त्या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. रात्री लवकर झोप येतच नाही, तो आळस नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये म्हटलं होतं की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये. तुमची बस त्याच्या जवळजवळ दोन तास आधी येते.

आता जे सहसा कुणी विचारत नाही ते. नाटक, वादविवाद, विज्ञान मंडळ हे सगळं शाळा सुटल्यावर असतं की आत? सुटल्यावर असेल तर परतीची बस कितीला निघते? ज्या गोष्टींसाठी लांब पाठवलं त्या चालू असताना मूल घरच्या रस्त्याला लागलेलं, हे मी दरवर्षी बघते. शिवाय स्टॉपचा क्रम विचारा. सकाळी सगळ्यात आधी चढणाऱ्या मुलाचा प्रवास ५५ मिनिटांत संपत नाही.

आणि दुपारी ताप भरला, शाळेतून फोन आला, तर तासाभरात कोण पोचणार? उत्तर दरवेळी "आई" असेल तर हा हिशोब आईच्या नोकरीचाही आहे.

सडाफटिंग
मला मुलं नाहीत, तरी बोलतो. चोखंदळ पालक बाहेर पडले की मागे तक्रार करणारं कुणी उरत नाही आणि शाळा आणखी घसरते. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये सरकारी शाळांचंच उदाहरण देऊन हे मांडलं होतं. ते कुलूपबंद कपाट उघडायला कुणीतरी थांबायला नको का?

भिंगरी
थांबा ना तुम्ही. दुसऱ्याच्या दहा वर्षांच्या मुलीने शाळा का सुधारायची?

सडाफटिंग
मुलीने नाही, आईने. पण ठीक आहे, माझं काही जात नाही हे खरं.

उलटी वाट
"जवळची शाळा म्हणजे गल्लीतले मित्र" असं कुणी लिहायच्या आत लिहितो. माझ्या मुलाला वर्गातली तीन पोरं छळायची. तीच पोरं संध्याकाळी मैदानावर, तीच आमच्या जिन्यात. शाळा सुटायची, शाळेतलं काही सुटायचं नाही. आम्ही त्याला पाऊण तास लांब घातलं. तिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं, तेच औषध झालं. बसमध्ये पुस्तक वाचेल वाटलं होतं. वाचलं की मळमळतं, डोळे स्थिर पानावर आणि कानातला तोल सांगतो की आपण हलतोय. तेव्हा वाचन राहिलं, नुसता बसून असतो. पण हसत घरी येतो.

याची दुसरी बाजूही आहे. त्याचे नवे मित्र चार दिशांना राहतात. सुट्टीत एकटा पडतो.

मागचा बाक
तुमचं प्रकरण वेगळं. तिथे मीही दीड तास दिला असता. धाग्यातल्या मुलीला पळ काढण्यासारखं काही नाहीये ना?

द्विधा
नाही, तसं काही नाही.

सगळ्यांचे आभार, विशेषतः खडूवाली ताईंचे. आठवडाभर उत्तर दिलं नाही कारण तपासत होते. दोन दिवस सकाळी आमच्या स्टॉपवरून त्या बसच्या मागे गाडी घेऊन गेले (चालकाला वाटलं असेल काय बाई मागे लागलीय). एक दिवस ६२ मिनिटं, एक दिवस ७१. दुसऱ्या दिवशी मुलं घंटा झाल्यावर वर्गात शिरली. परतीची बस शाळा सुटल्यावर दहा मिनिटांत निघते. नाटक आणि वादविवाद त्यानंतर. प्रयोगशाळा मात्र शाळेच्या वेळेत, आणि खरोखर सुंदर आहे. बघून पोटात कालवलं.

मग जवळच्या शाळेत गेले. कपाटाची चावी कुणाकडे असते विचारलं. तिघांनी तिसऱ्याकडे बोट दाखवलं, चौथ्याकडे होती. पुस्तकं बरी निघाली, नेणारं कुणी नाही एवढंच. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आठवड्यातून एक दुपार पालक बसणार असतील तर उघडू. सडाफटिंग, ऐकताय ना?

तूर्त दोन वर्षं जवळची शाळा, असं ठरतंय. बाराव्या वर्षी पुन्हा बघू. नवऱ्याला पूर्ण पटलेलं नाही. मुलगी बससाठी रुसली आहे.

भिंगरी
माझं मत बदललं नाही, पण बसमागे गाडी घेऊन जाणाऱ्या आईशी भांडणार नाही. फक्त एक. दोन वर्षांनी मधल्याच वर्गात प्रवेश मिळतो का, ते लांबच्या शाळेत विचारलंत?

द्विधा
नाही! तेवढंच राहिलं. उद्या फोन करते.

खडूवाली
लेखी उत्तर मागा. फोनवर सगळे "बघू" म्हणतात.