खंडीय कवच ग्रॅनाइटचं नाही, आणि ती ‘साय’ तर मुळीच नाही

गारगोटी
भूमित्र यांनी काल एका प्रतिसादात लिहिलं, “खंड ग्रॅनाइटचे, समुद्रतळ बेसॉल्टचा. पृथ्वी थंड होताना हलका ग्रॅनाइट सायीसारखा वर आला आणि तेव्हापासून तोच साठा इकडून तिकडे सरकतोय.” तिथेच उत्तर देणार होते, पण ते लांबलं. म्हणून वेगळा धागा.

साय हा शब्द मला फार खटकला. दुधात स्निग्धांश आधीपासून असतो, तो फक्त वर येतो. प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात, ग्रॅनाइट मुळात नाहीच! प्रावरणाचा खडक थोडा वितळला की निघतो बेसॉल्ट, त्यात सिलिका साधारण ५० टक्के. ग्रॅनाइटी रस हवा असेल तर तोच बेसॉल्ट पाणी मुरल्यावर पुन्हा वितळवावा लागतो, नाहीतर त्याच्या रसातून लोह-मॅग्नेशियमची खनिजं आधी गोठून तळाला बसावी लागतात. म्हणजे किमान दोन पायऱ्या, आणि पाण्याशिवाय दुसरी जवळजवळ होतच नाही.

बरं, सगळं कवच ग्रॅनाइटचं आहे का? तेही नाही. रुडनिक आणि गाओ या भूरसायनतज्ज्ञांनी २००३ साली दिलेले आकडे बघा. वरच्या कवचात सिलिका ६६.६ टक्के, मधल्यात ६३.५, खालच्यात ५३.४, आणि सरासरी ६०.६. हा सरळसरळ अँडेसाइट झाला, म्हणजे बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट यांच्या मधला खडक. वरच्या कवचाच्या आकड्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण तिथली सरासरी निसर्गच काढून देतो. भूरसायनतज्ज्ञ गोल्डश्मिटने नॉर्वेतली हिमनदीची चिकणमाती तपासली ती याचसाठी. हिमनदी वाटेतले सगळे खडक दळून एकत्र करते, वेचून नमुने घ्यायची गरजच उरत नाही.

आता हिशोब करा. खालून येतो ५० टक्क्यांचा रस आणि शिल्लक दिसतं ६० टक्क्यांचं कवच. उरलेलं कुठे गेलं? माझं ठाम मत आहे की ते परत खाली बुडालं. रसातून गोठलेलं पायरोक्झीन आणि गार्नेट (ही जड खनिजं) कवचाच्या बुडाशी साठतं, दाबाखाली प्रावरणाहून जड होतं आणि सुटून जातं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात ज्वालामुखींनी बरोबर आणलेले खालचे तुकडे सापडतात. साधारण १ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात गार्नेट-पायरोक्झीनचे तुकडे भरपूर आहेत. ३०-३५ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात ते नाहीत, त्यांच्या जागी प्रावरणाचा पेरिडोटाइट येतो. मधल्या काळात बूड गळालं. कवच कसं घडलं हे सांगताना काय गळालं ते वगळलंत तर अर्धी गोष्ट राहून जाते.

भूमित्र
एका वाक्यावर एवढा मोठा निबंध! असो. ग्रॅनाइट हा शब्द मी ढोबळमानाने वापरला होता. पण ‘तोच साठा’ या मुद्द्यावरून मी हलणार नाही. भूशास्त्रज्ञ रिचर्ड आर्मस्ट्राँगने १९६८ पासून हेच मांडलं, की खंडांचं एकूण आकारमान फार लवकर ठरलं आणि पुढे जेवढं नवं बनलं तेवढं जुनं प्रावरणात परत गेलं. कित्येक वर्षं त्याला वेड्यात काढलं, कारण ‘हलकं कवच बुडणारच नाही’ हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मग बेरिलियम-१० हे किरणोत्सारी मूलद्रव्य आलं. हे वातावरणात तयार होतं, त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे १४ लाख वर्षं, आणि ते सापडलं कुठे? सबडक्शनवरच्या, म्हणजे समुद्रतळ जिथे दुसऱ्या भूपट्टाखाली बुडतो तिथल्या, ज्वालामुखींच्या ताज्या लाव्ह्यात! समुद्रतळाचा गाळ खाली जाऊन रसात मिसळल्याशिवाय ते तिथे येणं शक्य नाही. आणि गाळ म्हणजे झिजलेला खंडच.

तुम्ही म्हणता बूड गळतं, मी म्हणतो वरचंही जातं. मग ‘एकदाच बनलेलं नाही’ कशाच्या जोरावर म्हणता? पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉन (वय मोजता येणारे टिकाऊ खनिजकण) ४४० कोटी वर्षांचे आहेत.

गारगोटी
मूठभर कण म्हणजे खंड नव्हे. सर्वांत जुना बिनवादाचा खडक कॅनडातल्या अकास्टाचा, सुमारे ४०३ कोटी वर्षांचा. आणि जगभरच्या झिरकॉनांची वयं आलेखावर मांडली तर २७०, १९० आणि ११० कोटी वर्षांवर ठळक शिखरं दिसतात. साठा सुरुवातीपासून तोच असता तर ही शिखरं आली कुठून?

सूक्ष्मदर्शी
आला झिरकॉन! कवचाचा विषय निघाला की दहाव्या मिनिटाला सगळे याच कणावर येतात. मी अनेक वर्षं हे कण सुईने वेचले आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. बेसॉल्टात झिरकॉन जवळपास बनतच नाही. म्हणजे ज्या बेसॉल्टातून कवच घडलं, त्याची यात नोंदच नाही. आणि ही शिखरं महाखंड जुळण्याच्या काळाशी जुळतात. दोन खंड धडकतात तेव्हा मध्ये सापडलेला खडक आतल्या खोलीतल्या सामानासारखा टिकतो, किनाऱ्यावरचा वाहून जातो. शिखर दिसतं ते टिकण्याचं, बनण्याचं नव्हे.

आणि वयं मोजताना काय होतं तेही ऐका. एकदा एका कणाचं वय आलं २३० कोटी. हा काळ जगभर इतका शांत, की त्या वयाचे कण फारच थोडे मिळतात. मी दोन रात्री झोपलो नाही. मग त्याच कणाचं कॅथोडोल्युमिनेसन्सचं चित्र (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने कण उजळतो, त्यात आतले थर दिसतात) नीट पाहिलं. जेमतेम ०.१ मिलीमीटरचा कण, आत काळपट गाभा, भोवती उजळ कड. वय मोजायला मारलेला लेझरचा खड्डा नेमका दोन्हींच्या सीमेवर, अर्धा गाभ्यात आणि अर्धा कडेत. ते वय कशाचंच नव्हतं. असे किती खड्डे तुमच्या त्या शिखरांत मोजले गेले असतील?

गारगोटी
तुमच्या एका खड्ड्यावरून लाखो मोजण्या बाद होतात का? चित्र आधी पाहूनच खड्डा मारायचा असतो, हे विद्यार्थ्यांनाही शिकवतात. आणि शिखरं टिकण्याची असली, तरी शिखरांमधल्या काळात कवच बनत होतं याचा पुरावा तुम्ही द्यायला हवा.

सूक्ष्मदर्शी
विद्यार्थ्यांचं उदाहरण मला देऊ नका. खड्डा कुठे मारायचा ते सांगणं सोपं आहे, रात्री तीन वाजता यंत्रापुढे बसणं वेगळं. पुरावा हवाय ना? कित्येक कणांमधल्या हाफ्नियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं प्रमाण सांगतं की त्यांचा मूळ माल प्रावरणातून कणाच्या वयाच्या खूप आधी निघालेला आहे. शिखरावरचा कण म्हणजे नवं कवच, असं समीकरण बसत नाही.

तळठाव
झिरकॉनच्या भांडणात मूळ आकडा सुटला. खालच्या कवचाचे ५३.४ टक्के गारगोटीताईंनी पहिल्याच प्रतिसादात लिहून टाकले आणि कुणी हटकलंही नाही! तिथपर्यंत कुणी पोचलेलं नाही. रशियातलं कोलाचं भोक, जमिनीत खणलेलं सर्वांत खोल, तेही १२,२६२ मीटरच गेलं. सुमारे ७ किलोमीटरवर भूकंपलहरींचा वेग वाढतो, म्हणून तिथे बेसॉल्ट लागेल असं वाटत होतं. लागला भेगाळलेला, पाणी भरलेला नाईस, म्हणजे उष्णता आणि दाबाने बदललेला पट्टेदार खडक. ‘वर ग्रॅनाइट, खाली बेसॉल्ट’ ही पाठ्यपुस्तकातली आकृती तिथेच संपायला हवी होती. लहरींचा तोच वेग वेगवेगळ्या सिलिकाच्या खडकांना लागू पडतो. ज्वालामुखींनी वर आणलेले तुकडे बेसॉल्टाकडे झुकतात, कारण असे ज्वालामुखी बहुतेकदा तिथेच फुटतात जिथे खाली बेसॉल्टी रस साठलेला असतो. उलट उचलून उघडे पडलेले ग्रॅन्युलाइटचे (खोल कवचात उष्णतेने बदललेल्या खडकाचे) पट्टे पाहा, त्यांत सिलिका जास्त. शिवाय सबडक्शनने खाली गेलेला हलका माल परत उसळून कवचाच्या बुडाला चिकटतो, असंही आता मांडलं जातं. मग खालचं कवच ६० टक्क्यांच्या जवळही असू शकेल.

गारगोटी
खालच्या आकड्यावर मी जास्त विसंबले, हे मान्य करावं लागेल. पण तुमचं म्हणणं खरं धरलं तर सरासरी आणखी वर जाते, आणि माझा हिशोब अजूनच बिघडतो. म्हणजे जेवढं बुडालं असं मी म्हणत होते, त्याहून जास्त बुडालं!

भूमित्र
साय मागे घेतो. उपमा चुकली. आर्मस्ट्राँग मागे घेत नाही. उलट तुमच्याच म्हणण्याप्रमाणे एवढा माल खाली जात असेल, तर जुनं कवच कमी सापडतं म्हणजे ते कमी बनलं, असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

सूक्ष्मदर्शी, त्या कणाचं पुढे काय झालं?

सूक्ष्मदर्शी
पुन्हा मोजला. गाभा २७० कोटी, कड १९० कोटी. दोन्ही वयं गारगोटींच्या शिखरांवरच बसतात, हे मला आवडलं नाही तरी लिहितो. पण त्या कडेतलं हाफ्नियम गाभ्याचंच होतं, १९० कोटी वर्षांपूर्वी तिथे नवं काही आलेलं नव्हतं. जुनाच खडक पुन्हा वितळला होता.