६८ सेंटिमीटरच्या कोनाड्यात किती इंची टीव्ही बसेल?

प्रश्न
आईच्या खोलीतल्या २६ इंची एलसीडी टीव्हीचा आवाज येतो, पण चित्र दिसत नाही, आणि तो इतका जुना झाला आहे की दुरुस्तीवर खर्च करणे मला योग्य वाटत नाही. तो ज्या कोनाड्यात आहे, त्याची रुंदी ६८, उंची ४५ आणि खोली ३० सेंटिमीटर आहे. त्यात ३२ इंची टीव्ही बसेल का? २४ इंची घेतला, तर दोन मीटरवरच्या पलंगावरून आईला बातम्यांची खालची पट्टी वाचता येईल का?

उत्तर १
३२ इंची बसणार नाही. इंचांचा आकडा पडद्याच्या कर्णाचा असतो. रुंदी-उंचीच्या १६:९ प्रमाणातला ३२ इंची पडदाच जवळजवळ ७१ सेंटिमीटर रुंद भरतो, चौकट वेगळीच. आपला जुना पडदा सुमारे ५७ सेंटिमीटर रुंद होता आणि २४ इंची ५३ भरेल, म्हणजे अक्षरे आणखी बारीक होतील. २८ इंची मिळाल्यास पडदा ६२ सेंटिमीटरचा असल्याने तो पातळ चौकटीसह आत जाईल. मी तरी आधी तोच शोधेन.

उत्तर २
रुंदीइतकेच पायांकडेही लक्ष द्यावे. हल्ली पाय बहुधा दोन टोकांना असतात आणि ते पडद्यापेक्षा बरेच पुढे-मागे येतात, त्यामुळे खरेदीपूर्वी टीव्हीचे पायांसह पुढून मागपर्यंतचे माप पाहावे. माझ्याकडे टीव्ही नीट बसला, परंतु एचडीएमआयची (चित्र आणि आवाज आणणाऱ्या वायरची) पिन पाठीमागे सरळ बाहेर येत असल्याने ती भिंतीला टेकून वायर मुडपली आणि चित्र अधूनमधून जाऊ लागले. जोडण्या बाजूला उघडणाऱ्या असाव्यात, किंवा मागे चार-पाच सेंटिमीटर मोकळे सोडावेत.

उत्तर ३
पलंग टीव्हीच्या समोर आहे की तिरपा? व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पडद्यांचे प्रकार आहेत. व्हीए पडद्यावर बाजूने पाहताना रंग फिके पडतात, आयपीएसवर ते बऱ्यापैकी टिकतात, आणि आडवे पडून पाहणाऱ्या वृद्ध माणसाला हा फरक रोज जाणवतो. दुकानात समोर उभे न राहता आईच्या जागेइतक्या तिरप्या कोनातून, खाली बसून पाहावे.

प्रश्नकर्ता
पलंग बराच तिरपा आहे. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आयपीएस पडद्याचा २८ इंची शोधतो आणि पायांचे माप कागदावर कापून कोनाड्यात ठेवून पाहतो.