वर्ग खाजनात भरवला तर?

खाजनवेडा: गेल्या रविवारी पुतणीला गोव्यातल्या चोडण बेटावर, खाजनाच्या (नदीचं खारं पाणी बांधानं अडवून राखलेल्या सखल जमिनीच्या) बांधावर नेलं होतं. ओहोटी लागली, आतलं पाणी चढं झालं आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारं त्या दाबानं हळूहळू बाहेर उघडली. पोर सहावीत, विज्ञानात ब्याण्णव मार्क. तिनं विचारलं, "काका, मोटर कुठे आहे?" भरती आली की नदीचं पाणीच ती दारं लोटून बंद करतं, हे ऐकून तिथून हलेना! २०२०च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना शाळा सांगितली आहे. मी म्हणतो, आठवड्यातून एक दिवस वर्ग बाहेरच भरवा.

सत्तरीची आई: बोलायला सोपं आहे. आमच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडताप आला, तो गोचिडीच्या चाव्यानं होतो. काजूच्या हंगामात पाचोळ्यात पाय टाकायचा म्हणजे गोचिडीची भीती. आम्हीच मुलांना अडवतो, तर शाळा कशाला नेईल?

खाजनवेडा: ताई, तो आजार रानातला. बांधावर काजू कुठे? तिथं खारफुटी.

बाई_पाचवी_अ: मी शिकवते म्हणून विचारते. चाळीस मुलं, मी एकटी. बांध जेमतेम दोन हात रुंद, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पोंय, म्हणजे मानशीच्या आतलं खोल तळं. एकाचा पाय घसरला तर जाब कोणाला विचारणार? शिवाय जून ते सप्टेंबर पाऊस, मार्चपासून घाम. उरले किती महिने, तुम्हीच मोजा.

माशेलकर: आषाढी द्वादशीला चिखलकाल्याच्या उत्सवात आमच्या माशेलात देवकीकृष्णाच्या देवळासमोर पोरं चिखलात लोळतात, तेव्हा कोणी परवानगीपत्र मागतं का?

बाई_पाचवी_अ: तिथं आईबाप काठावर उभे असतात, सायबा. आणि घरी नेऊन आंघोळही तेच घालतात.

कुळागरी: मला या सगळ्याचं हसू येतं. लहानपणी शाळेतून आलो की पोफळींना पाट फिरवायचा, सुपाऱ्या वेचायच्या. त्याला कोणी शिक्षण म्हटलं नाही, काम म्हटलं. आता पणजीतले लोक पैसे मोजून पोरांना चिखलात उतरवतात. आमच्या गावातल्या मुलांना चिखल कमी पडलेला नाही, गणिताला मास्तर कमी पडलाय.

खाजनवेडा: गणिताचं म्हणणं मान्य. पण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, तेही गणितच ना? बाई, दहा-दहाच्या चार तुकड्या करा, प्रत्येकीबरोबर दोन पालक. भरती-ओहोटीच्या वेळा मी काढून देतो.

बाई_पाचवी_अ: एका तुकडीला नेलं तर उरलेल्या तीस जणांना कोण सांभाळेल? ते आधी ठरवा. जमलं तर डिसेंबरात एकदा बघू, सकाळी ओहोटी असेल त्या दिवशी. पुतणीलाही आणा, मोटर कुठे आहे ते तीच सांगू दे.

सत्तरीची आई: आणि आम्ही? आमच्याकडे खाजन नाही, रानच आहे.