एंजलच्या पंखांवर पांढरे ठिपके आणि मॉलीच्या तोंडाला पांढरं: रोग एक का दोन?

जुईचा_वेल, परभणी

नमस्कार. माशांची टाकी मुलाची आहे. तो नीटच्या क्लाससाठी लातूरला गेला तेव्हापासून मी सांभाळते. तीन फुटी टाकी, पाणी साधारण ११५ लिटर. दोन एंजल, सहा मॉली, चार कॉरी (तळाशी राहणारे छोटे मासे), मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. दिवाळीनंतर त्यातल्या दोन काळ्या मॉली नवीन आणल्या. दुकानदार म्हणाला सरळ सोडा, काही होत नाही. गेल्या आठवड्यात त्यांचाच माणूस टाकी साफ करून गेला. फिल्टरचा स्पंज त्यानं नळाखाली धरून अगदी पांढराशुभ्र होईपर्यंत धुतला.

आता मोठ्या एंजलच्या पंखांवर आणि शेपटीवर पांढरे ठिपके आलेत, मिठाच्या कणाएवढे. परवा चार-पाच होते, आज मोजता येत नाहीत. मॉली खडीला अंग घासतात. त्यातल्या एका काळ्या मॉलीचं तोंड पांढरं पडलंय आणि ती खायचं बंद झालीय. सगळेच मासे पाण्याच्या वर येऊन तोंड हलवतात.

इकडं थंडी किती पडलीय ते सांगायला नको, कृषी विद्यापीठाचा आकडा रोज पेपरात येतोय. सकाळी टाकीतलं पाणी २० अंशांवर असतं. हीटर मुलानं उन्हाळ्यात काढून कपाटात ठेवलेला आहे, तो लावलेला नाही.

दुकानदारानं निळ्या औषधाची बाटली दिली आणि पाणी निळं दिसेपर्यंत टाका म्हणाला. वरून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाका असंही सांगितलं. टाकू का? मुलाच्या परीक्षा तोंडावर आहेत, त्याला अजून काही बोलले नाही. हे मासे वाचलेच पाहिजेत.

देवगिरी_कट्टा, छत्रपती संभाजीनगर

ताई, हा सरळ इच आहे, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. हीटर ३२ वर लावून द्या, औषधाची गरजच नाही. आमच्याकडं दरवर्षी थंडीत येतो, चार-पाच दिवसांत ठिपके गायब होतात.

काचपट्टी, नांदेड

ताई, बाटली अजून उघडू नका. हीटरही तासभर थांबू द्या. आधी एवढं सांगा:

मुलानं पाणी तपासायचं किट ठेवलंय का? असेल तर अमोनिया आणि पीएच किती येतो?

मॉलीचं तोंड अंधार करून, बाजूनं टॉर्च धरून बघा. बाहेर उभे राहिलेले लांब तंतू आहेत, का ओठाला चिकटून चपटा पांढुरका थर आहे? काल होतं त्यापेक्षा आज वाढलंय का?

एंजलवरही तसाच टॉर्च मारा. वेगवेगळे सुटे ठिपके आहेत, का अंगभर बारीक सोनेरी धूळ बसल्यागत दिसतंय?

जुईचा_वेल

किट सापडलं. अमोनिया ०.५, पीएच ८.२ चा रंग जुळतोय. पाणी बोअरचं आहे. नळ आठवड्यातून एकदा येतो, ते पाणी पिण्यापुरतंच.

एंजलचे ठिपके सुटे आहेत, सोनेरी काही नाही. मॉलीला तंतू नाहीत. वरच्या ओठाची कड पांढुरकी, चपटी, आणि काल फक्त कड होती ती आज नाकपुडीपर्यंत आलीय. थराची किनार किंचित पिवळट दिसते.

काचपट्टी

तुम्ही इतकं नीट बघितलंत की निम्मं काम तिथंच झालं. रोग दोन आहेत, आणि त्यांच्याआधी पाणी बिघडलंय. क्रमानं सांगतो, कारण इथं क्रम चुकला तर उपायानंच मासे जातील.

पहिलं पाणी. फिल्टरचा स्पंज ही त्या टाकीची जिवंत वस्तू. माशांच्या विष्ठेतून, गिलांतून (कल्ल्यांतून) निघणारा अमोनिया खाणारे जिवाणू त्यात राहतात. क्लोरीनच्या नळाखाली पांढरा होईपर्यंत धुतला म्हणजे ते गेले. मग अमोनिया साचतो. तो पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातलं एकच फार विषारी. पीएच ७ असेल तर शंभरात जेमतेम अर्धा भाग विषारी असतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या खडकातलं, जड. ८.२ पीएच आणि २० अंशांना तेच प्रमाण शंभरात सहाच्या घरात जातं. आणि पाणी २७ अंशांवर नेलं की साधारण साडेनऊ. म्हणजे आज लगेच हीटर वाढवला असता तर तेवढ्याच अमोनियात विष दीडपट झालं असतं. मासे वर येऊन तोंड हलवतात ते बहुतेक त्यामुळंच. ठिपक्यांचा जीव गिलांमध्येही शिरलेला असू शकतो, पण गिल बरे व्हायचे तरी आधी अमोनिया उतरायला पाहिजे.

म्हणून आज तिसरा हिस्सा पाणी काढा, उद्या परत तेवढंच. बोअरचं पाणी बादल्यांत काढून त्यात रात्रभर हवेचा दगड (हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) चालू ठेवा आणि टाकीच्या तापमानाला आणूनच घाला. आजच्यासाठी दोन-तीन तास हवा दिली तरी चालेल. पाणी काढताना नळी खडीच्या तळाशी फिरवा, याचं कारण पुढं सांगतो. अमोनिया ०.२५ च्या खाली येईपर्यंत खाणं बंद. दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यानं मोठे मासे मरत नाहीत. पाहणाऱ्यालाच जास्त वाईट वाटतं, पण नेटानं बंद ठेवा.

दुसरं, ठिपके. हा इचच. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळं सूक्ष्मदर्शक हाताशी असतो. आजारी माशाच्या अंगावरचा चिकट थर काचपट्टीच्या कडेनं हलकेच घ्यायचा, थेंबभर पाणी टाकायचं आणि दहाच्या लेन्सखाली धरायचं. तो एकपेशी जीव सावकाश गोल फिरताना दिसतो आणि त्याच्या आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक असतं. एकदा पाहिलं की दुसऱ्या कशाशी गफलत होत नाही.

तो ठिपका अंगावर बसलेला नसतो. तो कातडीच्या आत असतो, वरून माशाचीच त्वचा. त्यामुळं निळं औषध असो की हिरवं, ठिपक्यातल्या जीवापर्यंत पोहोचतच नाही. तो पिकला की गळून तळाशी जातो, कवच करतो, आत त्याची शेकड्यानं पिल्लं होतात आणि ती पोहत मासा शोधत निघतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. मीठ आणि औषध चालतं ते या पोहणाऱ्या पिल्लांवरच. तळ ओढायला सांगितलं ते यासाठी, कवचं बाहेर जातात. आणि ठिपके गेले म्हणून उपचार थांबवला की आठवड्यानं दुप्पट जोरानं परत येतात, कारण तळाशी साठा शिल्लक असतो.

तिसरं, मॉलीचं तोंड. पिवळट किनार, चपटा थर, एका दिवसात नाकपुडीपर्यंत: ही लक्षणं कॉलमनॅरिस नावाच्या जिवाणूची आहेत. बुरशी असती तर कापसासारखे तंतू बाहेर उभे दिसले असते. आणि इथं देवगिरी यांच्या सल्ल्याशी माझं जमत नाही. तीस अंशांच्या पुढं इचची वाढ थांबते हे खरं, नुसता इच असता तर मीही तेच म्हटलं असतं. पण कॉलमनॅरिस गरम पाण्यात झपाट्यानं वाढतो. ३२ वर इच हटेल आणि दोन दिवसांत बाकीच्यांची तोंडं पांढरी पडतील. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. तुमचे मासे आधीच धापा टाकतायत.

म्हणून मॉलीला आजच वेगळ्या बादलीत ठेवा. १० लिटर पाणी, हवेचा दगड, लिटरमागं ३ ग्रॅम खडे मीठ. मॉलीला मीठ मानवतं. त्या बादलीला हीटर नको, पण ती थंडगार फरशीवरही ठेवू नका. खाली थर्माकोल घाला, घरातल्या उबदार खोलीत ठेवा. पाणी रोज निम्मं बदला आणि नव्या पाण्यातही लिटरमागं ३ ग्रॅमच मीठ घाला. बादलीची जाळी टाकीत बुडवू नका.

टाकीत अमोनिया उतरल्यावर हीटर लावा. चार तासांना एक अंश, आणि २७ ला थांबा. मीठ आधी लिटरमागं १ ग्रॅम, म्हणजे ११५ ग्रॅम, टाकीच्याच पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा विभागून. कॉरी शांत राहिल्या तर दुसऱ्या दिवशी आणखी तेवढंच. त्या सारख्या वर पळायला लागल्या, अंग झटकायला लागल्या तर तिथंच थांबा. व्हॅलिस्नेरियाची पानं थोडी कुजतील, कुजू द्या, मुळातून परत फुटतात. मिठाचा आणखी एक फायदा होईल. फिल्टर परत जागा होताना अमोनियानंतर नायट्राइट वाढतो, तोही माशांना विषारी, आणि मिठातला क्लोराइड त्याला गिलांतून रक्तात शिरू देत नाही.

कॅप्सूल अजिबात नको. टेट्रासायक्लिन कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून निकामी होतं, आणि बोअरच्या जड पाण्यात तेच भरपूर. माशाला उपयोग शून्य, जिवाणूंना मात्र औषधाची सवय. आणि निळं औषध मुख्य टाकीत टाकलं तर फिल्टरमध्ये उरलेसुरले जिवाणूही जातील.

देवगिरी_कट्टा

मॉलीच्या तोंडाकडं माझं लक्ष गेलं नव्हतं. काचपट्टींचं बरोबर आहे, ताई, ३२ नको.

मांजराकाठ, लातूर

थोडी भर घालतो. फिल्टर लवकर जागा करायचा असेल तर ओळखीच्या निरोगी टाकीतला जुना मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या फिल्टरात टाका. मळका म्हणून धुवू नका. ओला राहील असा, उघड्या डब्यात आणा, हवाबंद पिशवीत नको.

पाणी बदलायला जिवावर येतं ते मला माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी मोठी टाकी बंद करून मासे पुण्याच्या मावसभावाकडं दिले. तेव्हापासून मासे कमीच ठेवतो. एका टाकीत बारा म्हणजे तुमच्याकडंही भरपूर आहेत. कमी मासे असले की पाणी बिघडायलाही वेळ लागतो आणि आठवड्यातून दोन बादल्यांत भागतं.

आणि गरज पडलीच तर उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथं विचारून बघा. मासा दाखवायचा तर जिवंत आजारी न्या. मेल्यावर हे परजीवी अंग सोडतात, मग तपासणीत काही हाती लागत नाही.

जुईचा_वेल

सगळ्यांचे मनापासून आभार. काचपट्टीदादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. अमोनिया आता जवळपास शून्य, पाणी २७ वर, मीठ लिटरमागं दीड ग्रॅमवर थांबवलं कारण कॉरी अस्वस्थ वाटल्या. लहान एंजलवर एकही ठिपका नाही, मोठ्याच्या शेपटीवर दोन उरलेत. कुणी वर येऊन तोंड हलवत नाही. बादलीतल्या मॉलीचा थर वाढायचा थांबलाय, आज तिनं पहिल्यांदा एक दाणा घेतला. मुलाला आज सांगितलं. तो म्हणाला, आई, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायचा असतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रात्री वीज जाते तेव्हा काय करू? आणि मीठ काढायचं कधी?

काचपट्टी

मुलगा हुशार आहे, त्याचंच ऐका.

वीज गेली तर टाकीच्या तीन बाजूंना थर्माकोल आणि वरून गोधडी, पण एक कोपरा हवेला उघडा ठेवा. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप मिळतो, तो घेऊन ठेवा. थंडीपेक्षा हवा बंद पडणं लवकर मारतं. वीज बराच वेळ गेली तर फिल्टर परत चालू करण्याआधी त्यातलं साचलेलं पाणी ओतून द्या.

शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी दहा दिवस मीठ तसंच राहू द्या. पाणी आटलं तर साधं पाणी भरा, मीठ वाफेबरोबर जात नाही. मग आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला आणि नव्या पाण्यात मीठ घालू नका, आपोआप उतरेल. मॉली मात्र तोंड पूर्ण भरून येऊन नेहमीसारखी खाईपर्यंत बादलीतच ठेवा. टाकीचं काढलेलं पाणी एरवी झाडांना उत्तम खत, पण हे खारट आहे. मीठ पूर्ण उतरेपर्यंत तुळशीला, कुंड्यांना घालू नका, मोरीत ओता.