नेपाळमध्ये अंध मुलांना इंग्रजी शिकवायला जायचंय, सल्ला हवा

पारिजातक: नमस्कार मंडळी. मी नाशिकला शाळेत इंग्रजी शिकवते, पुढच्या वर्षी बिनपगारी रजा मिळतेय तर नेपाळात जाऊन अंध विद्यार्थ्यांना शिकवायचं फार मनात आहे. नेटवर दिसणाऱ्या एजन्सी दोन आठवड्यांचे भरमसाट पैसे मागतायत. कोणी गेलंय का? ब्रेल यायलाच हवी का?

डोंगरवाट: ताई, एजन्सीला एक रुपया देऊ नका, थेट शाळेला मेल करा. तिथे 1964 मध्ये काठमांडूजवळच्या कीर्तिपूरच्या लॅबोरेटरी स्कूलमध्ये अंध मुलांना डोळस मुलांबरोबर शिकवायला सुरुवात झाली, आता बऱ्याच ठिकाणी तसंच चालतं, म्हणजे मुलं हॉस्टेलवर राहतात आणि दिवसा नेहमीच्या वर्गात बसतात, त्यामुळे तुमचं खरं काम सकाळ-संध्याकाळ हॉस्टेलवर, गृहपाठ वाचून दाखवणं, बोलायचा सराव, दहावीच्या एसईई या बोर्डाच्या परीक्षेची तयारी. दोन आठवड्यांत मुलं तुमचा आवाज ओळखायला लागतात तोवर तुम्ही निघालात, हे त्यांच्यावर अन्याय आहे. निदान तीन महिने द्या. शाळा वैशाखात म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होते, दसैं-तिहारला (तिकडचे दसरा-दिवाळी) सुट्टी असते ती सोडून जा. आपल्याला व्हिसा लागत नाही पण विमानाने जाताना आधार चालत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड ठेवा. पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद स्वतःहून द्या, आणि जी शाळा तो मागतच नाही तिथे जरा जपूनच.

सहा_टिंबं: मी स्वतः अंध आहे, इंग्रजीच शिकवतो. ब्रेल यायलाच हवी, याला पर्याय नाही. इंग्रजी ब्रेलमध्ये भरपूर संक्षेप असतात, नुसतं के अक्षर लिहिलं की नॉलेज, पी म्हणजे पीपल, आख्खं 'the' सहा टिंबांच्या एकाच चौकटीत. हे माहीत नसेल तर वही तपासणार कशी? तुम्ही डोळ्यांनी वाचणार, हळूहळू जमतं, यूईबी (हल्लीची इंग्रजी ब्रेल) ऑनलाइन नावाचा फुकट कोर्स आहे तो आत्ताच सुरू करा. आणि स्लेटवर (हाताने ब्रेल लिहायची पट्टी) उजवीकडून डावीकडे टोचतात, कागद उलटला की सरळ वाचता येतं, ते एकदा हाताने करून बघा. मोबाईल आणि एनव्हीडीए (कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आल्यापासून मुलं सगळं ऐकतात, उच्चार छान होतात पण स्पेलिंगची पार वाट लागते, म्हणून रोज थोडं तरी बोटांनी वाचून घ्या, ह्यात अजिबात सूट देऊ नका. वर्गात 'हे बघ, तिकडे' असं नको, काय ते नावानिशी सांगा. चित्रांऐवजी वस्तू हातात द्या.

पारिजातक: दोघांचे खूप आभार! कोर्सला आजच नाव घालते. जाताना मुलांसाठी काय नेऊ?

सहा_टिंबं: चॉकलेटं नकोत. जाड ब्रेल कागद आणि जास्तीचे स्टायलस (ब्रेल टोचायची टोचणी), तेही शाळेला आधी विचारून.