"६०० हून अधिक उमेदवारांना रोजगार दिला": प्लेसमेंट ऑफिसरच्या रेझ्युमेत ही ओळ हवी की नको?

हिशेबाची_वही
कौशल्य प्रशिक्षण केंद्रांसाठी प्लेसमेंट ऑफिसर (शिकलेल्या मुलांना नोकरीला लावणारा माणूस) घ्यायचा असला की अर्जांची पहिली चाळणी माझ्याकडे येते. रेझ्युमे उघडला की वरच्या तीन-चार ओळींत "६०० हून अधिक उमेदवारांना यशस्वीरीत्या रोजगार मिळवून दिला" हे असतंच. माझं स्पष्ट मत: ही ओळ काढून टाका. ती कुणालाही लिहिता येते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. ६०० कितीपैकी? कोणत्या ट्रेडचे? कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराच्या? पीएफ कापून हातात किती? तीन महिन्यांनी त्यातले कामावर किती?

शेवटचा प्रश्न उगाच नाही. ग्रामीण विकास मंत्रालयाची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ मध्ये आली. तिच्या नियमांत प्रशिक्षित मुलांपैकी किमान ७० टक्के मुलं लागली पाहिजेत असं होतं, आणि 'लागली' हे दाखवायला सलग तीन महिन्यांच्या पगाराचा पुरावा लागायचा. ऑफर लेटर हातात धरून काढलेला फोटो चालायचा नाही. या योजनेत काम केलेल्याला हे झोपेतसुद्धा पाठ असतं, तरी रेझ्युमे लिहायला बसला की तोच माणूस मोघम आकडा ठोकून देतो.

मला वाचायला आवडेल ते असं (आकडे मनचे): "नंदुरबार केंद्र, जनरल ड्युटी असिस्टंट (रुग्णालयातले मदतनीस). ७० जणांचं प्रशिक्षण, ५२ रुजू, तीन महिन्यांनी ३८ कामावर. परतलेल्या बहुतेकींची अडचण राहण्याची. पुढच्या बॅचसाठी रुग्णालयाजवळच्या खोल्या आधीच बघून ठेवल्या." एवढं वाचलं की मी फोन लावतो.

चाकण_फाटा
साहेब, तुम्ही लावाल हो फोन. बाकीचे '५२ पैकी ३८' वाचून म्हणतील, याची १४ पोरं पळाली, पुढचा अर्ज बघू. बऱ्याच ठिकाणी पहिली चाळणी करणाऱ्याला ही योजना कशाशी खातात तेही माहीत नसतं. त्याच्यासमोर शंभर अर्ज, वर मॅनेजरचा निरोप, "टार्गेट मारणारा माणूस बघ". तिथे ६०० हाच आकडा चालतो.

दुसरं म्हणजे, पोरं टिकणं प्लेसमेंट ऑफिसरच्या हातात असतं का? मी कंपनीच्या बाजूने भरती बघतो. मुलाला सांगितलेली शिफ्ट दुसऱ्या आठवड्यात बदलते, कंत्राटदार खोलीभाडं आणि जेवण पगारातून कापतो, कॅन्टीनची भाजी गावच्या पोराला गिळवत नाही. यातलं तुमच्या माणसाच्या हातात काय आहे? मग त्याने आपल्याच रेझ्युमेत स्वतःविरुद्ध साक्ष का द्यावी?

हिशेबाची_वही
कापाकापी होणार हे मुलाला जाण्याआधी कळलं होतं का, हे त्याच्याच हातात असतं. चांगला प्लेसमेंट ऑफिसर बॅच पाठवायच्या आधी स्वतः जाऊन खोली बघतो, कंत्राटदाराकडून कपातीचा हिशेब लेखी घेतो आणि सुरुवातीच्या आठवड्यांत रात्री नऊला आलेले फोनसुद्धा उचलतो. हे केलं असेल तर लिहा ना. रेझ्युमेत याची एक ओळ मला दिसत नाही, आणि "उत्तम संवादकौशल्य", "टीम प्लेअर" मात्र सगळ्यांकडे.

कट्ट्यावरचा_टीपीओ
अभियांत्रिकी महाविद्यालयातली बाजू सांगतो. आमच्याकडे याहून मोठी गंमत. एका मुलीला तीन ऑफर आल्या की बॅनरवर तीन प्लेसमेंट. मग टीपीओच्या (महाविद्यालयाच्या प्लेसमेंट ऑफिसरच्या) रेझ्युमेत "४०० ऑफर", विद्यार्थी मात्र अडीचशे. त्यातल्या काहींचं जॉइनिंग पुढे पुढे ढकललं जातं, काहींना कंपनी शेवटी बोलावतच नाही. बॅनरवर सर्वांत मोठं पॅकेज झळकतं, पण केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या महाविद्यालयांच्या क्रमवारीसाठी मध्यक पगार (अर्ध्यांना त्याहून जास्त, अर्ध्यांना कमी असा मधला) विचारतात, आणि तिथे खरी परिस्थिती कळते.

तरीही मी चाकण_फाटांच्या बाजूने. आकडा काढू नका. फक्त ऑफर किती, विद्यार्थी किती, रुजू किती हे वेगळं लिहा. आकडाच नसेल तर वाचणारा काहीतरी लपवलंय असं धरून चालतो.

सावली_ताई
तुम्ही सगळे मोठ्या बॅचबद्दल बोलताय. मी दिव्यांग मुलांच्या नोकरीचं काम करते आणि आमच्याकडे अर्ज करणाऱ्याने '६००' लिहिलं तर मला उलट शंका येते. कर्णबधिर मुलाला पॅकिंग लाइनवर लावायचं तर आधी मी ते काम स्वतः उभं राहून बघते: सूचना कुठे तोंडी मिळतात, धोक्याचा इशारा भोंग्याने होतो की दिव्याने, सुपरवायझर बोलताना तोंड फिरवतो का. मग सुपरवायझरला चार खुणा शिकवायच्या, पहिले दिवस मुलासोबत उभं राहायचं, आणि हळूहळू बाजूला व्हायचं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीसाठी कामाचे तुकडे पाडून चित्रांचा तक्ता लावावा लागतो. असं एक माणूस लागायला कधी कधी महिने जातात. त्याला आकड्यात काय मोजणार?

या पदासाठी रेझ्युमेत मला एक उदाहरण सविस्तर हवं. कामाच्या जागी कोणता बदल करून घेतला, मालकाला कसं पटवलं, खर्च कुणी केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण करायचं असतं, खासगी कंपन्यांनीसुद्धा. हे माहीत असलेला माणूस मालकाकडे दया मागायला जात नाही. "सामाजिक कार्याची आवड" ही ओळ पाहिली की मी पुढचा अर्ज उघडते. (आणि मुलाचं नाव, दिव्यांगत्व, फोटो रेझ्युमेत टाकू नका. असे अर्ज खरंच येतात.)

चाकण_फाटा
ताई, तुमचं पटलं, पण ते वेगळं पद आहे. तिथे आकडा लहान असणारच, वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. मी सर्वसाधारण केंद्रांबद्दल बोलतोय.

आणि वहीसाहेब, आकडा नको तर निदान "१२० एचआरशी थेट संपर्क" एवढं तरी लिहू द्याल का? कंपनीच्या बाजूने सांगतो, ओळखीच्या माणसाचा फोन मी आधी घेतो.

हिशेबाची_वही
ते तर मुळीच नको. ते १२० नंबर जुन्या संस्थेच्या पगारावर जमवलेले. उद्या आमच्याकडून जाताना आमचेही घेऊन जाणार, असंच मी वाचतो. संपर्क कसे तयार केले ते लिहा. २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना १९५९ च्या कायद्याने २०२५ पर्यंत रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवाव्या लागायच्या. जिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्रात आणि राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नियमित जाणारा माणूस नव्या जिल्ह्यातही शून्यातून कंपन्या उभ्या करू शकतो. मला तो हवा.

कट्ट्यावरचा_टीपीओ
इथे मात्र तुम्ही अति करताय. ओळखी ही या धंद्याची पुंजी आहे. नाशिकला जिची रोजची ऊठबस औद्योगिक वसाहतीत आहे तिला आणि पुस्तकी माणसाला एका तागडीत तोलणार? नावं, नंबर देऊ नयेत, मान्य. पण "अमुक वसाहतीतल्या वाहन सुट्या भागांच्या कंपन्यांत नियमित भरती" असं लिहिण्यात चोरी कसली?

आयटीआय_फिटर
एक राहिलं. अप्रेंटिसशिपवर पाठवलेली मुलं प्लेसमेंट म्हणून मोजणारे रेझ्युमे बघितलेत का? १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नाही. त्याला मिळतं ते विद्यावेतन. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, म्हणजे ती मुलं कंपनीला तशीही हवीच होती. त्यात यांनी काय लावलं? २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली मुलंही काही जण यादीत घालतात. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा. तेही विद्यावेतनच.

चाकण_फाटा
फिटरभाऊ, कायद्याचं बरोबर, पण गावाकडचं पोर अप्रेंटिस म्हणून आत शिरतं आणि पुढे तिथेच कायम होतं, हे मी डोळ्यांनी बघतो. वेगळ्या रकान्यात लिहावं, गाळू नये.

मोबिलायझर_परभणी
मोठ्या लोकांच्या चर्चेत घुसतो, माफ करा. मी केंद्रात मोबिलायझर आहे, गावोगाव फिरून मुलं आणतो. प्लेसमेंट ऑफिसरच्या जागेला अर्ज करायचाय. माझ्याकडे ना ६०० आहेत ना ३८. मी काय लिहू?

सावली_ताई
तुमच्याकडे यांच्यापेक्षा जास्त आहे भाऊ. मुलीला पुण्याला पाठवायला तयार नसलेल्या बापाशी तुम्ही ओट्यावर बसून बोलला असाल. त्याची भीती कोणती होती आणि काय केल्यावर तो तयार झाला, ते दोन ओळींत लिहा. घरी परत आलेल्या मुलांना भेटला असाल तर त्यांनी काम का सोडलं ते लिहा. प्लेसमेंटवाल्यांना ही कारणं फोनवर खरी कळत नाहीत, तुम्हाला पारावर कळतात.

हिशेबाची_वही
सहमत. आणि "मोबिलायझर" एवढ्यावर सोडू नका. तालुका कोणता, किती गावं, केंद्रात आणलेल्यांपैकी किती जणांनी प्रशिक्षण पूर्ण केलं ते लिहा. बाइक आणि परवाना आहे हेही लिहा, या नोकरीत ते बघतात. दोन पानांच्या पुढे जाऊ नका. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि खालचं "वरील माहिती सत्य आहे" हे प्रतिज्ञापत्र काढा.

चाकण_फाटा
प्रतिज्ञापत्र राहू दे रे भाऊ. सरकारी प्रकल्पाच्या फाइलीत काही ठिकाणी मागतात, नसलं तर अर्ज परत येतो. आणि आणलेल्या मुलांचा एकूण आकडा वर ठळक टाक. वहीसाहेब काहीही म्हणोत.

मोबिलायझर_परभणी
आकडा टाकतो, शेजारी पूर्ण केलेल्यांचाही टाकतो. प्रतिज्ञापत्राचं जाहिरात बघून ठरवतो. ओट्यावरच्या बापाचं लिहून उद्या इथे टाकू का? कुणी तपासून द्याल?

सावली_ताई
टाका. गावाचं नाव तेवढं गाळा.