हाशिमोटो : टीएसएच नॉर्मल, तरी दिवसाचा भरवसा नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

थायरॉइडवर इथे आधी बरंच बोलून झालंय, पण गाडी शेवटी वजन आणि कोबी-फ्लॉवरवरच येऊन थांबते. माझा प्रश्न जरा वेगळा आहे म्हणून नवीन धागा काढतेय.

वय ४२. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझं दुखणं सुरू झालं तेच उलट्या बाजूने. धडधड, घाम, हातांना कंप, रात्रभर डोळा नाही. घरच्यांना वाटलं, पेपर तपासायचं टेन्शन असेल. काही महिन्यांत सगळं पालटलं: भर मे महिन्यात पायात मोजे, आवाज घोगरा, न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की चढणारा आकडा) ११.४ आणि अँटी-टीपीओच्या (ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडीच्या) पुढे नुसतंच ‘६०० पेक्षा जास्त’. निदान, हाशिमोटो. डॉक्टरांनी समजावलं की आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उठते, तिच्या पेशी मोडतात आणि आतलं साठवलेलं हार्मोन रक्तात सांडतं, ती धडधड त्याची होती. साठा संपला की मग तुटवडा.

लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनचीच, गोळी ५० मायक्रोग्रॅमची सुरू झाली, पुढे ७५ केली. त्यावर टीएसएच ०.२ पर्यंत उतरला आणि धडधड परत आली, म्हणून ६२.५. तेव्हापासून टीएसएच २ ते ३ च्या दरम्यान आहे. कागदावर मी ठणठणीत आहे.

आणि तरीही रात्री झोपताना सांगता येत नाही की उद्या कशी उठेन. वाईट दिवशी सकाळी मूठच वळत नाही. पीठ मळायच्या आधी बोटं कोमट पाण्यात धरून बसावं लागतं. वर्गात अपूर्णांकाचं उदाहरण सोडवताना ‘छेद’ हा शब्द आठवत नाही, बोट दाखवून ‘हे खालचं’ म्हणते. पोरं हसतात, मीही हसून घेते. दुपारी स्टाफरूममध्ये डोकं टेकलं तर तासाची घंटाही ऐकू येत नाही. आणि कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने, काही न करता सगळं सुरळीत! सासूबाई म्हणतात, “अगं, काल तर बरी होतीस.” त्यात टोमणा नसतो, त्यांना खरंच कोडं पडलेलं असतं. मलाही तेच पडलंय.

तर विचारायचं हे की गोळी रोज तीच, वेळ तीच, तर हा चढउतार येतो कुठून? आणि ज्यांचं असंच आहे ते नोकरी, स्वयंपाक, पाहुणे, सणवार कसं निभावतात?

धण्याचं पाणी आणि उज्जायी सांगून झालंय सगळ्यांचं. ‘गोळी सोडा, मुळापासून बरं करतो’वाल्यांनी या धाग्याकडे फिरकू नये ही नम्र विनंती.

*

लॅबवाला_दादा :

ताई, बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली आहेत, तेवढ्यापुरतं लिहितो. डॉक्टर नाही.

लेव्होथायरॉक्सिनचं अर्धायुष्य साधारण ७ दिवसांचं. म्हणजे आज घेतलेली गोळी आठवडाभराने निम्मी उरलेली असते. डोस बदलला की टीएसएच स्थिरावायला ६ ते ८ आठवडे लागतात ते त्यामुळेच. तेव्हा सोमवारी बरं आणि मंगळवारी आडवं, हा फरक रक्तातल्या थायरॉइडच्या पातळीने पडणं अवघड. पातळी इतक्या झटक्यात हलत नाही. थायरॉइडच्या जोडीला आणखी काय चाललंय ते शोधा. फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी), बी१२, व्हिटॅमिन डी कधी तपासलंय का? हिमोग्लोबिन बरं असलं तरी लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि तसं झालं की थकवा, केसगळती ही सगळी थायरॉइडसारखीच लक्षणं.

तपासणीबद्दलही थोडं. टीएसएच पहाटे चढलेला असतो आणि दुपारी उतरतो, म्हणून दर वेळी तीच लॅब आणि सकाळची तीच वेळ. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून निदान दोन दिवस आधी थांबवा. काही मशिनवर त्याने टीएसएच खोटा कमी आणि टी४ (थायरॉइडचं हार्मोन) खोटा जास्त दिसतो. अँटी-टीपीओ मात्र पुन्हा पुन्हा करू नका, निदान एकदा झालं की त्या आकड्यावरून उपचार बदलत नाहीत.

*

कऱ्हाडची_माई :

शाळेत आहेस म्हणजे माझ्याच जातकुळीची गं! मी ५१ ची, हाशिमोटो पंधरा-सोळा वर्षं जुना. एकच विचारते, पाळीच्या तारखा आणि वाईट दिवस कधी एकाशेजारी एक लिहून बघितलेस का? चाळिशीत पाळी पुढेमागे व्हायला लागते. झोप उडते, अंग दुखतं, शब्द आठवत नाहीत. मी तीन-चार वर्षं सगळं थायरॉइडच्या नावावर लावत होते, निम्मं त्या खात्यातलं निघालं. अंगावरून जास्त जात असेल तर लोहाचंही उत्तर तिथेच आहे. कॅलेंडरवर फुली मारायची, बाकी डायरी-बियरी जमत नाही आपल्याला.

आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सुरू केलीस तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेव हो.

*

मुक्त_पाखरू :

गहू बंद करा ताई. माझ्या बहिणीला महिन्यात फरक पडला. दुधाचंही बघा.

*

लॅबवाला_दादा :

@मुक्त_पाखरू, हाशिमोटोवाल्यांमध्ये सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) थोडा जास्त सापडतो हे खरं. पण त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते. आधी बंद केला की अँटीबॉडी उतरतात आणि तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आधी तपासणी, मग ताटातलं काय काढायचं ते.

*

नवरोबा_नाशिक :

रुग्ण मी नाही, बायको आहे. आमच्याकडे भांडणं व्हायची ती आजारावरून नाही, ‘आज कसं आहे?’ या प्रश्नावरून. रोज उत्तर देऊन ती वैतागायची. आता ती सकाळी फ्रिजवरचं लाल चुंबक वर सरकवते. वर असलं की त्या दिवशी डबे मी करतो आणि कुणी काही विचारत नाही. भाकरी मला येत नाही, त्यामुळे त्या दिवशी खिचडी. मुलांना तर ते दिवस आवडायला लागलेत. :)

घोरणं वाढलंय का तेवढं बघा. हिच्या बाबतीत झोपेत श्वास अडकायचा, ते झोपेच्या तपासणीत कळलं.

*

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. लॅबवाले दादा, सात दिवसांचा हिशेब वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भूमितीश्रेणी शिकवणाऱ्या बाईला हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं! फेरिटिन कधीच झालेलं नाही. बी१२ झालं होतं, पण निदानाच्या वेळी. आमचं घर शाकाहारी, श्रावण-नवरात्रात तर आहार आणखीच अर्धा, त्यामुळे तिथे पाणी मुरत असेल. पुढच्या भेटीत दोन्ही विचारते. बायोटिन घेत नाही.

माई, तारखा जुळवल्या. मोबाइलमध्ये पाळीच्या नोंदी आहेत आणि वाईट दिवसांचा अंदाज शाळेच्या रजांवरून आला. बरेचसे पाळीच्या आधीच्या आठवड्यात पडतात. सगळे नाही. दिवाळीनंतरचा एक मोठा पट्टा कशातच बसत नाही. पण त्याच सुमारास पित्तासाठी रोज सकाळची गोळी सुरू झाली होती. त्याचा काही संबंध?

मुक्त_पाखरू, रागावू नका, पण आमच्याकडे रोज ज्वारीचीच भाकरी असते, गहू तसाही कमीच. तरी सीलिॲकचं डॉक्टरांच्या कानावर घालते.

चुंबकाची कल्पना मुलीने उचलली. आमच्या फ्रिजवर आता वांगं लागलंय.

*

लॅबवाला_दादा :

संबंध असू शकतो. पोटातलं ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्यांनी लेव्होथायरॉक्सिनचं शोषण काही जणांत घटतं. पण तसं असेल तर परिणाम हळूहळू, काही आठवड्यांत दिसतो आणि टीएसएचमध्येही उमटतो. ती गोळी सुरू झाल्यानंतर टीएसएच केलाय का? मनाने कुठलीच गोळी बंद करू नका, दोन्हींची नावं डॉक्टरांपुढे ठेवा.

*

धागाकर्ती :

नाही केला! शेवटचा रिपोर्ट गणपतीतला आहे. म्हणजे ‘नॉर्मल’ हे मी जुन्या कागदावरून धरून बसलेय. सोमवारी सकाळी गोळीआधी रक्त देऊन येते, आकडे आले की इथेच टाकते.

एक राहिलंच. मुख्याध्यापकांकडे पहिल्याऐवजी तिसऱ्या तासिकेपासून वेळापत्रक मागायचंय, निदान या सत्रापुरतं. वैद्यकीय दाखल्यात नेमकं काय लिहून घ्यावं? ‘थायरॉइड’ म्हटलं की समोरचा म्हणतो, “आमच्या हिलाही आहे.” कुणी शाळेत किंवा ऑफिसात असा अर्ज मंजूर करून घेतला असेल तर मजकूर द्याल का?